दहा सेकंदांत मावलेली ६३४ वर्षं

लातूर जिल्ह्यातल्या चाकूरच्या बाजारात एका दुकानाच्या गल्ल्यावर एक फोन उताणा पडलाय. कॉल नाही, मेसेज नाही, स्क्रीन काळी. बघणाऱ्याला वाटावं, वस्तू गाढ झोपलीय. पण तिच्या पोटात हालचाल मोजणारा जो सेन्सर आहे, त्याला आत्ता विचारलं तर तो एक आकडा सांगेल: १६,३८४. लगेच पुन्हा विचारा, १६,३९१ येईल. पुन्हा विचारा, १६,३७७. समोरच्या लातूर–नांदेड रस्त्यावरून उसाचा भरलेला ट्रक गेला, की आकडा आणखी थरथरेल. दुकानदाराने गल्ला जोरात बंद केला, की उसळी मारेल. आणि मग परत १६,३८४ च्या आसपास येऊन बसेल.

हा आकडा कुठून आला? पृथ्वी आपल्याला ज्या जोराने खाली ओढते, त्याला एक ‘जी’ म्हणतात. हा सेन्सर वर दोन जी आणि खाली दोन जी, असा चार जींचा पट्टा घेतो आणि त्याचे ६५,५३६ तुकडे करतो. चारने भागा. एका जीच्या वाट्याला बरोबर १६,३८४ तुकडे येतात. म्हणजे गल्ल्यावर निवांत पडलेला फोन अख्ख्या पृथ्वीची ओढ मोजतोय, आणि तीही तिचे सोळा हजारांवर तुकडे करून!

आता जरा आत शिरू. त्या सेन्सरमध्ये सिलिकॉनचा एक इवलासा ठोकळा आहे, सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर टांगलेला. फोन हलला की ठोकळा किंचित मागे राहतो, आणि तो किती मागे राहिला त्यावरून आकडा ठरतो. किती मागे राहतो? एका जीचा पूर्ण जोर लागला, तरी ढोबळमानाने ३० नॅनोमीटर. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. पण खरी गंमत पुढे आहे. फोनला एका जीचा हजारावा भागसुद्धा कळतो. तेवढ्या जोराने ठोकळा सरकतो ०.०३ नॅनोमीटर. सिलिकॉनचा एक अणू याच्या सात-आठपट रुंद असतो! म्हणजे ठोकळा एका अणूच्या रुंदीइतकाही हलत नाही, आणि तरीही सेन्सर म्हणतो, हललं.

हे डोळ्यांपुढे येत नसेल तर तो केस फुगवू या. इतका फुगवू, की त्याची जाडी मुंबई ते पुणे भरेल. एक कड दादरला, दुसरी शिवाजीनगरला, मधले दीडशे किलोमीटर सगळा केसच केस. त्या मापात आपला ठोकळा किती सरकला असेल? तीन बोटं. मुंबई ते पुणे एवढ्या अंतरात तीन बोटांचा फरक पडला आणि तो कुणीतरी पकडला. एकदा नव्हे, सेकंदाला चारशे वेळा पकडला. आणि हे करणारी चिप घाऊक भावात शंभर-एक रुपयांच्या आतबाहेर मिळते.

पण आकडा चिपमध्ये तयार झाला म्हणजे काम झालं का? नाही. चिपमधला आकडा विहिरीतल्या पाण्यासारखा आहे. तळाशी कितीही असो, वर आणल्याशिवाय घोटभरसुद्धा पिता येत नाही. वर आणायचं काम कर्नेलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं. तुमचं कोणतंही अ‍ॅप असो, थेट चिपला हात लावायची मुभा त्याला नाही. हात लावतो तो कर्नेलमधला ड्रायव्हर. प्रत्येक चिपचा ड्रायव्हर वेगळा, प्रत्येकाच्या सवयी वेगळ्या.

हा गाभा केवढा? अँड्रॉइड फोनमध्ये जो लिनक्स कर्नेल चालतो, त्याची सुरुवात १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने केली, तेव्हा तो जेमतेम १०,००० ओळींचा होता. आज तो ४ कोटी ओळींच्या घरात आहे, आणि त्यात निम्म्याहून जास्त भरणा ड्रायव्हरांचा. एका पानावर ५० ओळी छापल्या तर ८ लाख पानं होतात. चारशे पानी दोन हजार ग्रंथ! कुणी मोठ्याने वाचायला बसलं, एका ओळीला तीन सेकंद घेतले, आणि झोप, जेवण, सगळं सोडलं, तरी पावणेचार वर्षं उलटतात. आणि २०२१ मध्ये गूगलने सांगितलेला आकडा असा, की जगात अँड्रॉइडची ३०० कोटींवर उपकरणं वापरात आहेत. दोन हजार ग्रंथांच्या त्या कपाटातून आपल्या कामापुरती पुस्तकं काढून घेतलेलं एकेक यंत्र, अशी ३०० कोटी यंत्रं.

या ४ कोटी ओळींत सेन्सरांचं एक वेगळं खातं आहे. त्याचं नाव इंडस्ट्रियल आय-ओ, कर्नेलवाल्यांच्या तोंडी नुसतं आयआयओ. जोनाथन कॅमेरॉन यांनी लिहिलेलं हे काम २००९ मध्ये कर्नेलच्या उमेदवारी विभागात आलं आणि २०१२ मध्ये मुख्य घरात घेतलं गेलं. या खात्याचा नियम साधा आहे. सेन्सर जे जे मोजतो, त्या प्रत्येक गोष्टीचं एक चॅनेल. आडव्या हालचालीचं एक, उभ्या हालचालीचं एक, तापमानाचं एक, दाबाचं एक. प्रत्येक चॅनेलला कच्चा आकडा असतो आणि तो कशाने गुणायचा तेही लिहिलेलं असतं. आपल्या फोनचा १६,३८४ घ्या, त्याला ०.०००५९८५५ ने गुणा. उत्तर येतं ९.८०६६. शाळेत पाठ केलेलं गुरुत्वाकर्षणाचं ९.८! शाळेच्या पुस्तकातला आकडा चाकूरच्या गल्ल्यावर दर सेकंदाला चारशेदा नव्याने मोजला जातोय.

आता वेळेचा हिशेब. इथे खरंच डोकं धरावं लागतं.

फोनचा प्रोसेसर सेकंदाला दोनशे कोटी ठोके मारतो. यापेक्षा वेगवान पुष्कळ आहेत, आपण दोनशे कोटीच धरू. एवढा वेग मनात मावत नाही, म्हणून वेळ ताणू या. प्रोसेसरचा एक ठोका म्हणजे आपला एक सेकंद, असं ठरवू. या ताणलेल्या वेळेत अ‍ॅपने कर्नेलचं दार ठोठावलं, की आतून ‘ओ’ यायला तीन-चार मिनिटं लागतात. ठीक आहे, आपल्याकडे कचेरीत याहून जास्त लागतात. पण कर्नेलमधला ड्रायव्हर जेव्हा सेन्सर चिपकडे आकडा मागतो, तेव्हा? चिप आणि प्रोसेसर यांच्यामध्ये दोन बारीक तारा आहेत, त्यांवरून सेकंदाला साधारण ४ लाख ठोके जातात. आडवा, उभा आणि खोलीचा असे तीन आकडे, वर पत्त्याचा नि पोचपावतीचा खर्च, सगळं मिळून एका वाचनाला सेकंदाचा पाच हजारावा भाग लागतो. तुम्हा-आम्हाला तो दिसतसुद्धा नाही. प्रोसेसरसाठी ते चार लाख ठोके आहेत. ताणलेल्या वेळेत साडेचार दिवस!

म्हणजे प्रोसेसरने सोमवारी सकाळी विचारलं, ‘किती हललं?’ आणि उत्तर आलं शुक्रवारी संध्याकाळी. मधले चार दिवस तो तिथे ताटकळत उभा राहत नाही. ड्रायव्हर त्याला मोकळं करतो, तो दुसऱ्या कामाला लागतो, आणि नवा आकडा तयार झाला की चिपच एका तारेवरून त्याला हाक मारते. सेकंदाला चारशे वाचनं म्हटली, की दोन वाचनांमध्ये ५० लाख ठोके जातात. ताणलेल्या वेळेत अठ्ठावन्न दिवस. दर अठ्ठावन्न दिवसांनी एक पत्र येतं, प्रोसेसर ते घेतो, शिक्का मारतो, ओळीत लावतो. तुमची पापणी एकदा लवते तेवढ्यात, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोड्या कमी वेळात, त्याची १९ वर्षं निघून जातात. तुम्ही डोळा मिटला तेव्हा जन्मलेलं मूल डोळा उघडेपर्यंत कॉलेजात गेलेलं असतं!

इथपर्यंत अ‍ॅप विचारतं आणि कर्नेल सांगतो, असं चाललं होतं. पण मला सगळ्यात विलक्षण वाटते ती कर्नेलच्या आतली देवाणघेवाण. तिथे एक ड्रायव्हर दुसऱ्या ड्रायव्हरकडे चॅनेल मागतो. वर बसलेल्या अ‍ॅपला याचा पत्ताही नसतो.

मे महिना घ्या. चाकूरला पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर. शेतावर मोटारीच्या खोलीत, पत्र्याखाली फोन चार्जिंगला लावलाय. चार्जिंग सांभाळणारा एक ड्रायव्हर आहे. विजेचं सगळं त्याला कळतं, पण बॅटरी किती तापली हे त्याला स्वतःला कळत नाही. ते कळतं दुसऱ्याच एका चिपला. बॅटरीला चिकटवलेला एक थर्मिस्टर असतो, २५ अंशांना १०,००० ओहम अडथळा करणारा. तो तापेल तसा त्याचा अडथळा उतरतो. ४५ अंशांना साधारण ४,३५० ओहम. त्या पट्ट्यात एका अंशाला पावणेदोनशे ओहमचा फरक. ही विजेची चढउतार मोजून तिचे ४,०९६ पायऱ्यांत आकडे करणारी चिप वेगळी, तिचा ड्रायव्हर वेगळा. मग चार्जिंगवाला ड्रायव्हर उठतो आणि आयआयओ खात्यात जाऊन नावानिशी मागणी करतो: बॅटरीच्या तापमानाचं चॅनेल द्या. कर्नेलमध्ये या मागणीच्या हाकेचं नावच आहे ‘आयआयओ चॅनेल गेट’. कोणतं चॅनेल कुणाला द्यायचं याची यादी फोन बनवतानाच लिहून ठेवलेली असते. नाव जुळलं की चॅनेल मिळतं. मग वाचायचं. काम कायमचं संपलं की परत करायचं, त्याचीही वेगळी हाक आहे. परत न करता निघून गेलात तर नोंद तशीच उघडी राहते आणि पुढचे हिशेब बिघडतात.

समजा फोन आत्ताच सुरू होतोय आणि तापमान मोजणारा ड्रायव्हर अजून उठलेलाच नाही. तेव्हा मागणाऱ्याला उत्तर मिळतं उणे ५१७. कर्नेलच्या भाषेत याचा अर्थ: ज्याच्याकडे मागतोयस तो अजून तयार नाही, नंतर ये. मागणारा रुसत नाही, मोडत नाही. तो थांबलेल्यांच्या यादीत जाऊन बसतो, आणि नवा कुणी तयार झाला की ही यादी पुन्हा चाळली जाते. फोनचं चिन्ह स्क्रीनवर झळकत असतं, आपण कंटाळून बघत असतो, आणि आत ही उणे ५१७ ची ये-जा चाललेली असते. एवढी शिस्त लग्नाच्या पंगतीत दिसली तर लोक उभे राहून टाळ्या वाजवतील.

तर चार्जिंगवाल्याने विचारलं, उत्तर आलं. दर दहा सेकंदांनी विचारलं तरी दिवसाचे ८,६४० सवाल होतात. पत्र्याखालच्या त्या फोनची बॅटरी ४५ अंशांवर गेली, की ड्रायव्हर चार्जिंग रोखतो किंवा हळू करतो. आपण म्हणतो, ‘चार्जर बिघडला वाटतं.’ बिघडलेलं काहीच नसतं. लिथियमची बॅटरी त्या उष्णतेत भरली तर खराब होते, म्हणून कुणीतरी ८,६४० वेळा विचारपूस करून तिला जपलेलं असतं.

काही फोनांत हवेचा दाब मोजणारा सेन्सरही असतो. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशेहून जास्त मीटर उंच. तिथे हवेचा दाब ९४,००० पास्कलच्या आसपास असतो, आणि हा सेन्सर एक-दोन पास्कलचा फरक ओळखतो. लातूरच्या आडत बाजारात ९४ हजारांच्या पट्टीत एका रुपयाची चूक पकडणारा मुनीम असेल, तर त्याला दुकानं आपसांत पळवतील! एका पास्कलचा फरक म्हणजे उंचीत जेमतेम दहा सेंटिमीटर. फोन खिशात घेऊन साठ फुटी विहिरीत उतरलात तर दाब २०० पास्कलने वाढतो. पायऱ्या उतरताना एकेका पायरीला आकडा चढत जाईल. मराठवाड्यात उन्हाळ्यात पाणी तळाला जातं, पण किती तळाला गेलं हे खिशातला फोन पायरी-पायरीने सांगू शकतो.

आणि पाण्याचाच विषय निघाला, तर या सगळ्या आकड्यांचा ढीग मोजायला लातूरकरांच्या ओळखीचं माप घेऊ या. पाण्याची रेल्वे.

११ एप्रिल २०१६. मिरजेहून १० टाक्यांची गाडी पाणी घेऊन निघाली आणि ३४२ किलोमीटर तोडून दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचली. ५ लाख लिटर पाणी. पुढे ५० टाक्यांची गाडी येऊ लागली, खेपेला २५ लाख लिटर. लोक तिला जलदूत म्हणू लागले. ज्यांनी तो उन्हाळा काढला त्यांना २५ लाख लिटर म्हणजे किती, हे समजावून सांगावं लागत नाही.

आता हालचालीच्या सेन्सरचं एक वाचन म्हणजे पाण्याचा एक थेंब, असं धरा. एका मिलिलिटरात वीस थेंब. सेन्सर पूर्ण वेगाने, सेकंदाला चारशेच्या हिशेबाने, चालू ठेवला तर एका दिवसात ३ कोटी ४५ लाख ६० हजार वाचनं होतात. थेंब मोजले तर १,७२८ लिटर. एका फोनचे! एका माणसाच्या खिशातून रोज पावणेदोन हजार लिटर थेंब गळतात. जलदूतच्या पन्नासच्या पन्नास टाक्या भरायला साडेचौदाशे फोनसुद्धा लागत नाहीत. एखाद्या मोठ्या कॉलेजातली पोरं खिशातले फोन घेऊन दिवसभर हिंडली की गाडी भरली.

लातूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेचोवीस लाख होती. त्यात दहा लाख फोन धरा. रोज ६९१ गाड्या! तासाला एकोणतीस. दर दोन मिनिटांनी पन्नास टाक्यांची एक गाडी लातूर रोड जंक्शनातून सुटतेय, रात्री सुटतेय, पहाटे सुटतेय, फाटक उघडायला फुरसतच नाही, अलीकडचा बैलगाडीवाला अलीकडे आणि पलीकडचा पलीकडे. आणि देशभरात ६० कोटी फोन धरले तर रोजच्या ४ लाख १५ हजार गाड्या. इंजिनासकट एक गाडी साधारण ६४० मीटर लांब. एकीमागे एक उभ्या केल्या, तर ही रांग पृथ्वीला साडेसहा वेढे घालते. एका दिवसाची रांग. दुसऱ्या दिवशी तेवढीच नवी.

हे सगळं साठवतं कोण? बहुतेक कुणीच नाही. एका वाचनाला ६ बाइट लागतात, म्हणजे एका फोनचे दिवसाला वीस कोटींहून जास्त बाइट, सुमारे २०७ एमबी. ड्रायव्हर थेंब घेतो, एका रांगेत ओततो, ज्याला हवे तो पितो, उरलेले जुने थेंब नव्यांना जागा करून देतात. कित्येक फोनांत तर हे काम मुख्य प्रोसेसरकडे ठेवतच नाहीत. एक वेगळी छोटी चिप रात्रभर जागी राहून थेंब चाखते आणि काही वेगळं जाणवलं तरच थोरल्याला उठवते. पावलं मोजली जातात, स्क्रीन आडवी-उभी होते, आणि बाकी पृथ्वीला साडेसहा वेढे घालणारी रांग रोजच्या रोज वाहून जाते.

मग एवढं मोजायचं कशासाठी? लातूर जिल्ह्यात तरी या प्रश्नाचं उत्तर लांब शोधायला नको.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून माणसं दमून झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. ६.२ क्षमतेचा धक्का. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचं माळवद, आणि त्याखाली झोपलेली कुटुंबं. ५२ गावं जमीनदोस्त झाली, सुमारे दहा हजार माणसं गेली. चाकूर किल्लारीपासून सरळ रेषेत साठ किलोमीटरवर.

हे साठ किलोमीटर आता सेकंदांत मोजू. भूकंपातून आधी निघते ती हलकी लाट, सेकंदाला सहा किलोमीटर पळणारी. मुंबई ते पुणे तिला पंचवीस सेकंद पुरतात, जिथे डेक्कन क्वीनला तीन तासांवर लागतात. तिच्यामागून येते ती घरं पाडणारी लाट, सेकंदाला साडेतीन किलोमीटर. मुंबई ते पुणे त्रेचाळीस सेकंद. किल्लारीहून निघालेली पहिली लाट चाकूरला दहाव्या सेकंदाला पोचते, दुसरी सतराव्याला. आणि तारेतून जाणारा संदेश? काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. किल्लारी ते चाकूर त्याला एका सेकंदाचा तीन हजारावा भाग लागतो. पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला, वीस हजार किलोमीटरवर गेला तरी सेकंदाचा दहावा भाग. जमीन कितीही जोरात हलो, बातमी तिच्या पुढे पळू शकते!

आणि ही बातमी पळवायची व्यवस्था आज उभी आहे. अँड्रॉइड फोनवरच्या भूकंप इशाऱ्याची सुरुवात २०२० मध्ये कॅलिफोर्नियात झाली, भारतात ती सप्टेंबर २०२३ मध्ये आली. म्हणजे किल्लारीला तीस वर्षं पूर्ण होत होती त्याच महिन्यात. ही व्यवस्था चार्जिंगला लावलेला आणि स्थिर पडलेला फोन वापरते. त्याच्या सेन्सरला पहिली हलकी लाट जाणवली, की तो लगेच कळवतो. एका फोनवर कुणी विश्वास ठेवत नाही, कारण गल्ला आपटला तरी तो हलतो. पण एकाच टापूतले असंख्य फोन एकाच वेळी तेच सांगू लागले, तर तो भूकंपच. २०२५ च्या जुलैमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात या कामाचा हिशेब छापून आला: ९८ देश, अशा इशाऱ्यांच्या टप्प्यात आलेले २५० कोटी लोक, आणि ११,००० हून अधिक भूकंपांची नोंद. चांगलं भूकंपमापक यंत्र कित्येक लाखांना पडतं. इथे शंभर रुपयांच्या चिपा गावोगाव, उशाशेजारी मांडून ठेवल्यात, आणि त्या मांडायला सरकारचा एक पैसाही गेलेला नाही.

पहाटेची चार ही वेळ या कामाला कशी जुळते बघा. त्या वेळी घरोघरी फोन चार्जिंगला लावलेले असतात. एक ड्रायव्हर बॅटरीच्या तापमानाचं चॅनेल वाचतोय, दुसऱ्या बाजूला हालचालीचे थेंब वाहताहेत, १६,३८४, १६,३८६, १६,३८१. आणि समजा किल्लारीखालची जमीन पुन्हा तशीच हलली. दोन-तीन सेकंदांत तिथल्या फोनांचे आकडे उसळतात. सेकंदाचा दहावा भाग जायच्या आत निरोप पोचतो. आणखी काही सेकंद खात्री करण्यात जातात. सातव्या सेकंदाला इशारा सुटला असं धरू. चाकूरला घरं पाडणारी लाट यायची आहे सतराव्या सेकंदाला.

हातात उरले दहा सेकंद.

दहा सेकंदांत एका फोनचा सेन्सर ४,००० वेळा मोजतो. एक लाख फोन मिळून ४० कोटी वेळा. प्रोसेसर मारतो २,००० कोटी ठोके. ती आपली ताणलेली वेळ इथे लावा, एक ठोका म्हणजे एक सेकंद. २,००० कोटी सेकंद म्हणजे ६३४ वर्षं! एवढी वर्षं मागे गेलात तर दख्खनवर बहमनी सुलतान आहेत, राजधानी अजून गुलबर्ग्याहून बिदरला आलेली नाही, शिवाजी महाराजांच्या जन्माला दोनशेहून अधिक वर्षं अवकाश आहे. तिथपासून आजपर्यंतचा सगळा काळ, सगळ्या पिढ्या, सगळी राज्यं, एवढा वेळ प्रोसेसरला त्या दहा सेकंदांत मिळतो. विचारायला, मोजायला, ताळा करायला, ओरडून उठवायला.

आणि माणसाला? माणसाला त्याच दहा सेकंदांत बाजेवरून उठता येतं, पोर उचलता येतं, भिंतीपासून लांब होता येतं, टेबलाखाली शिरता येतं. दार जवळ असेल तर अंगणात येता येतं.

किल्लारीला, सास्तूरला, अगदी केंद्राजवळच्या गावांना हा इशारा वेळेवर मिळणार नाही. तिथे लाट निरोपाच्या आधी पोचते. त्या गावांना तारणारी गोष्ट एकच, पक्की भूकंपरोधक घरं. पण जसजसं लांब जावं तसतसे सेकंद वाढत जातात. लातूर शहराला चार-पाच, चाकूरला दहा, नांदेडला तीसहून जास्त. आणि हा प्रश्न काही १९९३ मध्ये संपलेला नाही. हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ ला आणि पुन्हा १० जुलै २०२४ ला ४.५ क्षमतेचे धक्के बसले, नांदेड आणि परभणीची माणसं घराबाहेर आली.

म्हणून एक काम आजच करा. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ उघडा. तिथे ‘अर्थक्वेक अलर्ट्स’ दिसेल, ते चालू आहे का बघा. काही फोनांत ते ‘लोकेशन’च्या खाली सापडतं. इंटरनेट आणि लोकेशन रात्री बंद करू नका. मग घरातल्या आजी-आजोबांच्या फोनवरही हे बघा, आणि इशाऱ्याचा आवाज आला तर कुठे जायचं हे लेकरांना आत्ताच सांगून ठेवा. त्या वेळी विचारायला वेळ प्रोसेसरकडे असतो, आपल्याकडे नसतो.